चिमाबाईची खोप

गोपाळ मास्तरांनी खोलीचं दार उघडून दिलं. चिमाबाईनं आत डोकावून पाहिलं, मान बाहेर काढली आणि नवऱ्याला विचारलं, "ह्यात कोकरं ठिवायची का शेरडं?"

मायाप्पा नुसताच खाकरला. मास्तरांनी उपरण्यानं नाक पुसलं आणि म्हणाले, "इथे माणसं राहतात, बाई. आणि भाडं आगाऊ द्यावं लागतं."

भिंतीत दावणीच्या कड्या तशाच होत्या. मुताला वाट मिळावी म्हणून जमिनीला मुद्दाम उतार दिलेला होता. चिमाबाईचा जन्म जनावरांत गेलेला; हा गोठा आहे हे तिला दार उघडण्याआधी वासावरूनच कळलं होतं. मास्तरांनी लपवलंही नाही. दोन गायी होत्या, दूध फार देत नव्हत्या, विकून टाकल्या, असं त्यांनी स्वतःच्या हुशारीचं कौतुक असल्यासारखं सांगितलं. त्या एका गोठ्याच्या त्यांनी चार खोल्या केल्या होत्या. गायींना मोकळं वाटावं म्हणून ठेवलेला झरोका दोन खोल्यांत अर्धाअर्धा वाटून दिला होता.

चिमाबाई मंगळवेढ्याच्या खालच्या अंगाची, हुन्नूरकडच्या एका धनगरवाडीवरची. लागोपाठ दोन सालं पावसानं तोंड दाखवलं नाही. शंभरावर मेंढरं होती, त्यांची अकरा उरली, तीही बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. मंगळवेढ्याच्या बाजारात ती अकरा विकताना मायाप्पा लहान पोरासारखा रडला. चिमाबाई रडली नाही. गिऱ्हाईक मेंढीच्या तोंडात बोट घालून तिचं वय भलतंच सांगत होतं, त्याच्याशी ती भांडत होती. एकुलती लेक जतकडं दिलेली. मागं बघायला काही उरलं नव्हतं.

मायाप्पा आधी पुढं आला. गिरणीत कापसाच्या गासड्या फोडायच्या कामावर लागला आणि चार महिने एका दुकानाच्या ओट्यावर झोपला. त्या वेळी सोलापूरला यायची नुसती झुंबड उडाली होती. अक्कलकोटकडनं, इंडीकडनं, तेलंगणातनं रोज गाठोडी स्टेशनावर उतरत. गिरणीचा भोंगा वाजला की रस्ते माणसांनी भरून वाहत. काम सगळ्यांना मिळे, पाठ टेकायला जागा मिळत नसे. ज्यांच्याकडं पडवी होती त्यांनी पडवीला दार लावलं, ज्यांच्याकडं जिना होता त्यांनी जिन्याखाली कुटुंब बसवलं. गावात पिढ्यान्‌पिढ्या कुणी न विचारलेली माणसं एका वर्षात मालक झाली, आणि मालकासारखी बोलायला लागली.

मास्तर त्यांतलेच. शाळेतनं पेन्शन घेऊन घरी बसलेले. ते वाईट नव्हते असं म्हणणारी माणसं होती; ती त्यांची भाडेकरू नव्हती. रोज सकाळी ते अंगणात उभे राहून चारी खोल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात स्वच्छतेवर बोलत. शहरात राहायचं तर शिस्त हवी. थुंकायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, चुलीचा धूर माडीकडं जाऊ द्यायचा नाही. धुरानं कुणीकडं जावं हे चिमाबाईनं त्यांना एकदा विचारलं. मास्तर म्हणाले, "उद्धटपणा नको."

चिमाबाईही गिरणीत लागली. बायकांच्या खात्यात सुताची रिळं भरायचं काम. दिवसभर उभं राहून पोटऱ्या दगड होत, नाकात कापसाची लव जाई. त्याचं तिला काही वाटलं नाही. मेंढरांमागं ती याहून जास्त चालली होती. कामाचा तिला तिटकारा नव्हता. तिटकारा होता तो संध्याकाळी त्या गोठ्याकडं वळायचा, आणि त्याहून जास्त, त्या गोठ्यात शिरताना नवरा ज्या अदबीनं पागोटं सावरायचा त्याचा.

मायाप्पानं शहरात येऊन कंबर वाकवायला शिकून घेतलं होतं. मुकादमापुढं वाकायचा, वाण्यापुढं वाकायचा, मास्तरांच्या पायरीपाशी तर आपसूक वाकायचा. मास्तर त्याला लाकडं फोडायला सांगत, विहिरीचं पाणी शेंदायला सांगत, आणि हा गडी दहा तास राबून आलेला असताना फुकट करायचा.

आश्विनातल्या एका शनिवारी पगार घेऊन दोघं परतली, तर खोलीच्या मधोमध बांबूच्या तट्ट्याची भिंत उभी. पलीकडं भांड्यांचा आवाज, आणि कानडीत कुणीतरी बोलत होतं. चिमाबाईचं जातं तट्ट्याच्या त्या बाजूला गेलं होतं, चूल ह्या बाजूला राहिली होती.

ती तशीच अंगणात गेली. "मास्तर, ह्ये काय हाय?"

मास्तर माडीवरनं म्हणाले, "गरजू कुटुंब आहे, बाई. शेजारधर्म शिकायला हवा. मायाप्पाला विचारूनच केलंय."

चिमाबाईनं वळून नवऱ्याकडं पाहिलं. तो चुलीत नसलेली लाकडं सारखी करत होता.

"तुला इचारलं?"

"इचारलं की. शिकला-सवरला माणूस, त्येला न्हाय कसं म्हनायचं?"

"मग भाडं अर्धं झालं असंल."

 मायाप्पा तोंडातल्या तोंडात म्हणाला, "चार आणं वाढलं. तट्ट्या नवा हाय म्हनून."

चिमाबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ह्या माणसानं एकदा भर दुपारी नुसत्या काठीनं लांडग्याच्या तोंडातनं मेंढी ओढून आणली होती. मांडीला खोल दात लागले होते, तरी हसत आला होता. तोच हा बसला होता, वर चार आणे देऊन आपली अर्धी खोली सोडून.

"लांडगा बरा हुता," ती म्हणाली. "त्यो निदान इचारत न्हवता."

तट्ट्यापलीकडं कुणीतरी फिस्सकन हसलं. मग एक बाई तट्ट्याच्या कडेनं डोकावली. काळीसावळी, कपाळाला विभूती, कडेवर पाण्याची घागर. तिचं नाव निंगव्वा. अक्कलकोटच्या पलीकडनं आलेली, नवरा गिरणीत बॉयलरवर. "अक्का, आमाला पण त्यानं पुरी खोली म्हनून सांगितलं हुतं," ती मोडक्या मराठीत म्हणाली. "तुजं जातं हितं हाय. घे की." दोघींनी मिळून जातं तट्ट्याखालनं सरकवलं. त्या दिवसापासून त्या मैत्रिणी झाल्या.

पुढच्या रविवारी चिमाबाई एकटीच बाहेर पडली. रेल्वेच्या रुळापलीकडं, शहर संपून माळ सुरू होतो तिथं शिवलिंगप्पाचं शेत होतं. गिरणीच्या वरच्या खिडकीतनं ते तिनं रोज पाहिलं होतं. शेत चांगलं, पण वरच्या अंगाला एक खडकाळ तुकडा नुसता पडून होता. शिवलिंगप्पा बांधावर बसून तंबाखू मळत होता.

"त्यो तुकडा मला ऱ्हायाला द्या," चिमाबाईनं सरळ सांगितलं.

"तू कोन?"

"धनगर."

"मग मेंढरं कुटं हायत? मेंढरं बसवली तर खत मिळतंय. नुसती धनगरीण घिऊन मी काय करू?"

"मेंढरं दुस्काळानं खाल्ली. पर तुमच्या जवारीला पाखरं लागत्यात, आनि शहराकडची मानसं कणसं मोडून नेत्यात. बांधाचं कणीस कुटं ऱ्हायलंय बगा की. राखन करीन. सकाळी कामाच्या आदी आनि सांजंला, आनि रातीला हितंच हाय."

शिवलिंगप्पानं बांधाकडं नजर फिरवली. कणसं खरंच मोडलेली होती. "भाडं न्हाई घ्यायचा मी," तो म्हणाला. "पर एक जरी पाटीभर चोरी झाली तर उठायचं."

दोन रविवारांत तिनं खोप उभी केली. खांबांना बाभळीच्या मेढी, भिंतींना तुराट्यांचा कूड, त्याला शेणमातीचा गिलावा, वर बाजरीच्या सरमाडाचं छप्पर. वारा कुठनं येतो ते बघून दार दुसरीकडं ठेवलं. भोवती चर खणला. निंगव्वा मदतीला आली. मायाप्पा आला नाही.

"माळावर ऱ्हायाचं तर सोलापुरात आलो कशाला?" तो म्हणाला. "लोक म्हनतील, धनगर शेवटी माळावरच गेला."

"लोक गोठ्यात ऱ्हात्यात, त्येंनी काय म्हनावं!" चिमाबाईनं जातं डोक्यावर घेतलं. "ऱ्हा तू. तुजी गव्हान हाय हितं."

नऊ दिवस तो राहिला. खानावळीत जेवला, तिथली भाकरी कच्ची म्हणून भांडला, पोट बिघडवून घेतलं. दहाव्या दिवशी वळकटी खांद्यावर टाकून माळावर आला आणि छप्पर गळतं का बघायला आलो म्हणाला. पाऊस पंधरा दिवसांत झाला नव्हता. चिमाबाईनं त्याला भाकरी वाढली आणि एक शब्द बोलली नाही. ते न बोलणं मायाप्पाला शिव्यांपेक्षा जड गेलं. महिन्याभरात निंगव्वाचंही बिऱ्हाड शेजारी आलं.

मार्गशीर्षात शहरात उंदीर मरून पडायला लागले. आधी धान्याच्या पेठेत, मग गिरणीमागच्या गल्ल्यांत. गाठीच्या तापानं माणसं जायला लागली. घरं रिकामी करून बाहेर राहायला जा, अशी दवंडी फिरली, आणि आठवड्याभरात अर्धं शहर माळावर आलं. वकील आले, दुकानदार आले, देवळाचे पुजारी देव पेटीत घालून आले. बांबू मिळेना, तट्ट्या मिळेना. ज्याच्या शेतात तीन हात जागा होती तो तिचं भाडं सांगायला लागला. कालपर्यंत भाडं घेणारे आज बांधाबांधानं जागा मागत फिरताना बघून चिमाबाईला हसू येई, आणि ती ते लपवत नसे.

एका सकाळी गोपाळ मास्तर खोपीपुढं येऊन उभे राहिले. मागं पत्र्याची ट्रंक घेऊन त्यांच्या पत्नी अनसूयाबाई.

"चिमाबाई," मास्तर म्हणाले. आजवर त्यांनी तिला नुसतं 'बाई' ह्यापलीकडं हाक मारली नव्हती. "आपली ओळख आहे म्हणून आलो."

"व्हय की. लई वळख हाय."

"ही खोप आम्हांला महिना-दोन महिने द्या. तुम्हांला काय, उघड्यावर राहायची सवय आहे. भाडं चांगलं देईन. आगाऊ देईन."

मायाप्पा पुढं झाला. त्याचे डोळे चमकत होते. तो तिला बाजूला घेऊन म्हणाला, "दे की. आपुन निंगव्वाच्या आडोशाला ऱ्हाऊ. गोठ्याचं समदं भाडं परत निघंल. त्येनं जे केलं त्येच आपुन करायचं."

"त्येनं जे केलं त्येच," चिमाबाई म्हणाली. "येवढंच शिकलास शहरात?"

ती मास्तरांकडं वळली. "खोप मिळायची न्हाय. पर जागा हाय त्या बाजूला, शिवलिंगप्पाला मी सांगते. मेढी कुटं तोडायच्या ते दावते. बांदा तुमची तुमी."

"मी? ह्या वयात?"

"गायी इकायला वय आडवं आलं न्हवतं."

मास्तरांनी बांधली. बांधली म्हणजे दोन खड्डे खणले, तळहाताला फोड आल्यावर खाली बसले आणि हत्यारांना धार नाही असं सांगितलं. बाकीची खोप अनसूयाबाईंनी बांधली. पदर कमरेला खोचून त्या चिखलात उतरल्या. चिमाबाई सांगेल तसं तुराट्या विणत गेल्या, गिलावा कसा थापायचा ते दोनदा चुकून तिसऱ्यांदा शिकल्या. एकदा हात धुताना त्या हळूच म्हणाल्या, "तीस वर्षांत घरातला खिळासुद्धा मला विचारून ठोकला नाही हो."

त्या बाईबद्दल चिमाबाईचं मत त्या दिवशी बदललं. नवऱ्यांबद्दलचं बदललं नाही, दोघांच्याही.

दोन महिने मास्तर माळावर राहिले. तिथंही सकाळी उभं राहून स्वच्छतेवर बोलले. माळावर भिंती नसल्यानं कुणी ऐकत नव्हतं. शिमग्याच्या आधी ताप ओसरला, घरांना धुरी दिली, चुना लागला आणि माणसं परत गेली. मास्तरही गेले. चुन्याचा खर्च आला म्हणून गोठ्यातल्या खोल्यांचं भाडं त्यांनी वाढवलं, ही बातमी निंगव्वानं आणली.

त्यांची खोप रिकामी राहिली. मग एके दिवशी चिमाबाई कामावरनं आली तर तिथं चूल पेटलेली. मोडनिंबकडनं आलेलं एक जोडपं, बाई गरोदर. चिमाबाईला बरंच वाटलं. शनिवारी ती बाई हातात काहीतरी धरून खोपीपुढं आली आणि खालमानेनं म्हणाली, "मालकीनबाई, ह्ये ह्या महिन्याचं."

"कुनाला म्हनलीस?"

"तुमालाच. तुमचं मालक म्हनलं, मी नसलो तर घरात द्या म्हनून. आगाऊचं तवाच दिलं. निम्मं मास्तरास्नी जातंय, निम्मं तुमच्या मालकाला."

चिमाबाईला आधी उमगलंच नाही. उमगलं तेव्हा तिच्या कानशिलांतनं वाफा निघाल्या. शिवलिंगप्पाच्या फुकटच्या जागेवर, दुसऱ्याच्या बाभळी तोडून, बायकोच्या हातनं बांधवलेली खोप मास्तरांनी भाड्यानं दिली होती, आणि मायाप्पाला वसुलीला नेमलं होतं. आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणी मालकीण म्हटलं होतं. भर बाजारात कुणी अंगावर थुंकलं असतं तरी तिला इतकी किळस आली नसती.

दुसऱ्या दिवशी रविवार. तिनं त्या बाईचा हात धरला आणि सकाळच्या उन्हात थेट मास्तरांच्या अंगणात नेलं. मायाप्पा मागनं "अगं ऐक तर, अगं ऐक तर" करत आला. मास्तर अंगणात उभे राहून शिस्तीवर बोलत होते.

"मास्तर, हिचं पैसं परत करा."

"कसले पैसे? करार झालेला आहे. खोप माझ्या मालकीची आहे."

"जागा कुनाची?"

"जागेचा प्रश्न वेगळा आहे."

"मेढी कुनाच्या? मातीला पानी कुनी घातलं?"

चारी खोल्यांची माणसं दारात आली. मास्तरांचा आवाज चढला. "अडाण्यांशी मी वाद घालत नसतो. मायाप्पा, तुझ्या बायकोला घेऊन जा!"

मायाप्पानं चिमाबाईच्या दंडाला हात लावला. तिनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. हात आपोआप खाली गेला.

तेवढ्यात अनसूयाबाई माडीवरनं खाली आल्या. त्यांच्या हातात पैसे बांधलेल्या रुमालाची गाठ होती. अंगणात येऊन त्यांनी ती त्या गरोदर बाईच्या हातात दिली. मग मास्तरांकडं न बघता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ती खोप मी बांधली. ह्यांनी दोन खड्डे खणले, तेही वाकडे. खोप मी हिला देऊन टाकली. बाळंतपण तिथंच कर हो."

अंगणात कुणी हसलं नाही. हसलं असतं तर मास्तरांना बरं वाटलं असतं.  तीस वर्षं मुलांना गप्प बसवणारे मास्तर आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. त्यानंतर अंगणातली सकाळची भाषणं बंद झाली. भाडं मात्र बंद झालं नाही, वाढतच गेलं.

मायाप्पाला खोपीत पुन्हा घर वाटलं नाही. चिमाबाई त्याला जेवायला वाढी, कपडे धुई, पण बोलताना नजर त्याच्या खांद्यावरनं पलीकडं जाई. गिरणीनं पुढं कामगारांसाठी चाळ बांधली. मायाप्पानं मुकादमाच्या पाया पडून तिथं एक खोली मिळवली आणि मोठ्या आशेनं तिला न्यायला आला. नळ आहे म्हणाला, फरशी आहे म्हणाला.

"तू जा," चिमाबाई म्हणाली. "तुला शोभंल."

तो गेला. पाच वर्षं दर रविवारी माळावर भाकरी खायला येत राहिला. मंदीचा काळ आला, गिरणीनं पाळ्या कमी केल्या, छातीत कापूस बसलेल्या जुन्या गड्यांना आधी काढलं. मायाप्पाची खोली गेली, नोकरी गेली, खोकला राहिला. चिमाबाईच त्याला हाताला धरून माळावर घेऊन आली. त्याला उचलून बसवताना, पाणी पाजताना ती त्याला तोंडावर भित्रा म्हणे, वाकडकंबऱ्या म्हणे. आणि त्याला खोकल्याची उबळ आली की कामावर न जाता शेजारी बसून राही. शेवटच्या महिन्यात तिनं रिळांचं काम सोडूनच दिलं. तो गेला त्या सकाळी निंगव्वा धावत आली तेव्हा चिमाबाई त्याचं पागोटं नीट बांधत होती. "ह्येला बांदता कदी आलंच न्हाय," ती म्हणाली, आणि मग रडली. मेंढरं विकताना रडली नव्हती तेवढं सगळं रडली.

साठवलेल्या पैशांत तिनं सहा शेळ्या घेतल्या आणि दूध शहरात घालायला लागली. शिवलिंगप्पा वारल्यावर त्याच्या मुलांनी शेताचे प्लॉट पाडायला काढले. टेप घेऊन आलेल्या माणसानं तिला नकाशा दाखवला आणि जुनी राहणारी म्हणून थोडं स्वस्तात देऊ, हप्त्यांनी फेडा, म्हणाला. चिमाबाईनं कागद हातात घेतला. वाचता येत नव्हतंच. ज्या दगडावर ती रोज न्याहारीची भाकरी ठेवून पाखरं हाकायची तो दगड कुठल्या चौकोनात गेला, एवढंच तिनं विचारलं. तो नकाशा उलटासुलटा करत राहिला, तेव्हा तिनं कागद परत दिला.

तिनं आपल्या हातानं खोप उतरवली, मेढी बैलगाडीत घातल्या आणि शेळ्या हाकत देगावच्या बाजूच्या मोकळ्या माळाकडं निघाली. निंगव्वाचा नवरा नको म्हणत होता. निंगव्वानं त्याला विचारलंच नाही, आपली भांडी गाडीत चढवली. दोघी गाडीमागनं चालत गेल्या, आणि संध्याकाळच्या आत चुली पेटल्या.